इंडक्शन शेगडी आणि सोलर कुकर: एक ओट्यावर, दुसरा माळ्यावर

फुकटच्या उन्हावर चालणारा कुकर माळ्यावर धूळ खातो आणि वीजबिल वाढवणारी शेगडी हॉस्टेलच्या खोलीपासून बंगल्यापर्यंत सगळीकडे दिसते. असं का, ते दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या की कळतं.

आधी सोलर कुकर. नेहमीच्या पेटीत काळा रंग दिलेला ट्रे, भोवती उष्णता अडवणारी काचलोकर (काचेच्या तंतूंचा थर), वर दोन काचांचं झाकण, त्याला आरसा आणि आत काळे डबे. कडक उन्हात आतलं तापमान १०० ते १४० अंश सेल्सिअस होतं. भाताला दीड-दोन तास, तुरीच्या डाळीला दोन-अडीच. पाणी फारसं उडत नाही, म्हणून नेहमीपेक्षा थोडं कमी घालायचं. शेंगदाणे मात्र यातच भाजावेत: डब्याचं झाकण न लावता त्यात पसरायचे, न ढवळता सगळे सारखे खमंग होतात, करपत नाहीत.

म्हणजे यंत्रात खोट नाही. पण नऊच्या आत डबे भरणाऱ्या घरात ऊन तापायच्या आधीच स्वयंपाक उरकलेला असतो, आणि रात्री सूर्य नसतो. फोडणी नाही, भाकरी नाही, म्हणजे गॅस पेटवावा लागतोच. अर्ध्या-पाऊण तासाने पेटी उन्हाकडे फिरवायची, झाकण मध्ये उघडलं तर गेलेली उष्णता भरून यायला वेळ जातो. पावसाळ्याचे चार महिने सुट्टीच. वापरात झाकणाचं रबर कडक होतं, वाफ दोन काचांच्या मध्ये शिरते, आरशाचा पारा सुटतो आणि दुरुस्त करणारा गल्लीत मिळत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची आरशाची सौरचूल १९५० च्या दशकात बाजारात आली, तीही चालली नाही. पुढे १९८० च्या दशकात सरकारने पेटीच्या कुकरला अनुदान दिलं. त्याने किंमत उतरली. दुपारी गच्चीवर जाणारं माणूस कुठून आणायचं?

तोच सूर्य शिर्डीत मात्र उत्तम चालतो. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ पासून प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ आरशांच्या तबकड्या ऊन एकवटून पाण्याची वाफ करतात. ही व्यवस्था बॉयलरला जोडलेली आहे. ऊन असलं की उन्हाची वाफ, ढग आले की बॉयलरची. डाळ शिजवणाऱ्या आचाऱ्याला आपली पद्धत बदलावी लागत नाही.

इंडक्शननेही हेच साधलं. तिने गॅस काढायला सांगितलंच नाही. ती ओट्याच्या कोपऱ्यात बसली आणि सिलिंडर संपला त्या रात्री उपयोगी पडली. किंमत दोन-तीन हजार. एक लिटर पाणी १८०० वॅटवर साधारण चार मिनिटांत उकळतं, वीज लागते सुमारे ०.१ युनिट. चहा, दूध, कुकर, मॅगी: पैसे वसूल.

तरी तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तरच ते चालतं, त्यामुळे साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणि पितळी पातेलं बाद. खोलगट तवा मधेच तापतो, आणि भाकरी फुगवायला आच नसते. स्वस्त मॉडेलमध्ये मंद आच म्हणजे पूर्ण ताकद काही सेकंद चालू, काही सेकंद बंद. बासुंदी बुडाला लागते ती यामुळेच. जाड बुडाचं भांडं घेतलं तर त्रास कमी होतो. २००० वॅटची शेगडी सुमारे ९ अँपिअर ओढते. ती १६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावा, अ‍ॅडॅप्टर घालून ६ च्या सॉकेटला लावली की प्लग वितळतो. स्वयंपाक झाल्यावर लगेच मेन स्विच बंद करू नका, शेगडीच्या आतला गार करणारा पंखा थांबू द्या. हवेची खालची जाळी भिंतीला किंवा प्लास्टिकच्या कापडाला चिकटून राहिली तर आत वीज चालू-बंद करणारा पॉवर ट्रान्झिस्टर तापून उडतो. उबेला झुरळं आत शिरतात आणि सर्किट शॉर्ट होतं, हे गॅरंटी कार्डावर कुणी लिहीत नाही.

शहरात राहत असाल तर इंडक्शन घ्याच, पण बटणांपेक्षा जवळचं सर्व्हिस सेंटर आधी बघा. सोलर कुकर फक्त अंगण किंवा स्वतःची गच्ची असेल आणि दुपारी घरात कुणी असेल तरच. घेताना झाकण मिटून कडेने कागदाची पट्टी ओढून पाहा. कुठेही सहज निघून आली तर ती पेटी दुकानातच राहू द्या.