शेठचा मेल एवढा गोड कसा झाला?

सहा लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे. आकडा पूर्ण लिहितोय, कारण घरात आणि शॉपवर सगळे 'सातेक लाख' म्हणतात आणि वरचे साडेबारा हजार मला फुकटचे लागल्यासारखे वाटतात.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. राजकोटच्या एका शेठकडून एक जुनी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायची ठरली, ११,८७,५०० रुपयांना. पाच लाख ॲडव्हान्स जुलैत नीट पोचला. उरलेले ६,८७,५०० मी २०२५च्या गणपतीआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी आरटीजीएसने चोराच्या खात्यात घातले. ओटीपीसुद्धा मीच टाकला.

असे प्रकार कसे होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुणीतरी मेलमध्ये घुसतो, गुपचूप वाचत बसतो आणि बिलाच्या वेळी 'आमचं खातं बदललंय' म्हणतो. मीही पेपरात वाचायचो आणि म्हणायचो, लोक एवढे बावळट कसे!

आता जे डोळ्यांसमोरून हलत नाही ते सांगतो. हे शेठ मेल लिहितात म्हणजे तार ठोकतात. सगळी कॅपिटल अक्षरं, नमस्कार नाही, सही नाही. 'पेमेंट सेंड. मशीन रेडी.' संपलं. आणि त्या शुक्रवारी मेल आला तो 'आदरणीय साहेब, आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार' असा, व्यवस्थित परिच्छेद पाडून. चालू खात्याचं ऑडिट सुरू आहे, तसदीबद्दल क्षमस्व, कृपया सोबतच्या खात्यात रक्कम भरावी. मला काय वाटलं सांगू? वाटलं, शेठनी शेवटी शिकलेला माणूस ठेवला ऑफिसात! बायकोला वाचूनही दाखवला. तिथंच थांबायला हवं होतं. ओळखीचा माणूस एकाएकी सभ्य लिहायला लागला की आधी फोन करा. आणि फोन जुन्या नंबरवर, मेलखाली छापलेल्या नव्हे.

पत्ता? कंपनीच्या नावात इंग्रजी एम आहे. चोराने त्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी घातले होते. मोबाइलवर ते दोन्ही चिकटून एमच दिसतात, आणि मोबाइल तर पत्ताही दाखवत नाही, नुसतं नाव दाखवतो. नावावर बोट ठेवून पत्ता उघडा, एकेक अक्षर वाचा. खाली आमचा जुना सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा होता, सीसीत शेठच्या मुलाचा पत्तासुद्धा (तोही तसाच बनावट). संशय कुठून येणार?

आला होता, खरं सांगतो. नवीन खातं जोडताना खातेदाराचं नाव दिसतं, एप्रिल २०२५पासून रिझर्व्ह बँकेने ती सोय करायला लावली आहे. नाव आलं भलत्याच कुठल्या तरी ट्रेडर्सचं. मी पाच सेकंद बघितलं. मग म्हटलं, धंदेवाल्यांच्या दोन-तीन फर्म असतातच. आणि शेठना फोन करून 'हे खातं तुमचंच ना' विचारायचं म्हणजे माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं. भीड! सहा लाखांची भीड.

आरटीजीएस हल्ली चोवीस तास चालतं, म्हणजे चोरालाही शनिवार-रविवार मोकळा मिळाला. सोमवारी शेठचा फोन आला, 'पैसा किधर?'

त्यानंतरचं ऐका. १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लागायला चाळीस मिनिटं. रोखले गेले ४१,२०० रुपये, तेही सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. बँकेत मॅनेजर म्हणाला, "व्यवहार तुम्हीच केलात, आम्ही काय करणार?" परवानगीशिवाय पैसे गेले तरच भरपाई, असा तेव्हा त्यांचा नियम होता. म्हणजे खिसा कापला तर चोरी आणि गळ घालून नेले तर दान! पोलीस ठाण्यात आधी म्हणाले, गुन्हा राजकोटला घडला. झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठेही घडो, तक्रार कुठल्याही ठाण्यात, हे कायद्यात आहे म्हटल्यावर म्हणाले, आयटी ॲक्टचा (माहिती तंत्रज्ञान कायद्याचा) तपास इन्स्पेक्टरच करतात आणि साहेब बंदोबस्तात आहेत, विसर्जन झाल्यावर या. विसर्जन झालं, गेलो. "तुम्ही शिकलेले दिसता, मग असं कसं केलंत?" हे मला तीन टेबलांवर विचारलं गेलं. चोर ज्या खात्यात पैसे घेतो ते खातं कुणी उघडून दिलं, हे एकाही टेबलावर कुणी विचारलं नाही.

मेल आमचाच फुटला होता. सेटिंगमध्ये एक नियम सापडला, राजकोटचा प्रत्येक मेल तिसऱ्याच पत्त्यावर फॉरवर्ड होत होता. आज तुमचं ते सेटिंग उघडून बघा. पासवर्ड शॉपच्या नावापुढे १२३ असेल तर आत्ता बदला, दोन पायऱ्यांचं लॉगिन लावा. पैशाच्या मेलला रिप्लाय दाबू नका, पत्ता जुन्या बिलावरून स्वतः टाइप करा. नव्या खात्यात आधी एक रुपया पाठवा आणि आला का ते फोनवर विचारा.

शनिवारी सकाळी चोराचा मेल आला होता: रक्कम पोचली, आपला अत्यंत आभारी आहे. मी चहा पिता पिता त्याला उत्तर दिलं, 'मेन्शन नॉट'.