जुन्या मराठी पुस्तकांसाठी टेसरॅक्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्कॅन केलेल्या छापील पानातून टंकित मजकूर काढून देणारं टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. २०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे नमुने दाखवून आधीच शिकवलेल्या गणिती जाळ्यावर, चालतं. न्यूरल नेटवर्क हे नाव ऐकलं की लोक दोन गोष्टी धरूनच चालतात: यंत्र वाचतं आणि वापरता वापरता शिकतं. आठ महिने जुनी पुस्तकं त्यातून काढल्यावर ठामपणे सांगता येईल की दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यांच्यापायी चुका तशाच छापून जातात.

आधी शिकण्याचं. नेटवर्क जे शिकलं ते आकड्यांच्या रूपात एका फाइलमध्ये असतं; मराठीची ही शिकवलेली फाइल उतरवून घेतली की तिच्यातले आकडे बदलत नाहीत. हजार पानं दुरुस्त केलीत तरी पुढचं पान त्याच चुका घेऊन येणार, कारण तुमची दुरुस्ती तिच्यापर्यंत पोचतच नाही. शिकवायचं तर ते वेगळं काम आहे. एकेका ओळीचं चित्र कापायचं, त्याच नावाच्या मजकूर-फाइलमध्ये ती ओळ काना-मात्रेसकट टंकायची आणि अशा काहीशे ओळींवर टेसट्रेन हे शिकवण्याचं साधन चालवायचं. एकाच टायपातली बरीच पुस्तकं असतील तर ही मेहनत फळते. मात्र नवी फाइल दुसऱ्या टायपावर आधीपेक्षा कच्ची पडू शकते, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

आता वाचण्याचं. ओळीतल्या प्रत्येक जागी माहीत असलेल्या अक्षरांपैकी कोणतं सर्वांत संभवतं, एवढाच हिशेब नेटवर्क करतं. ‘हे कळलं नाही’ असं उत्तर त्यात नसतं. म्हणून शाईच्या डागाचा विसर्ग होतो आणि पानाची काळी कड दंड होऊन येते. घ आणि ध नीट पाहा: घ वरची शिरोरेखा पूर्ण, ध वरची तुटलेली. झिजलेल्या टायपात तेवढी फट भरली की ‘धन’चं ‘घन’ होतं. दोन्ही खरे शब्द, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीलाही पत्ता लागत नाही. भ-म, थ-य या जोड्याही अशाच. १९६२च्या नियमांआधीच्या पुस्तकांत त्याहून वाईट घडतं: ‘केलें’ वरचा अनुस्वार गळून ‘केले’ होतं, म्हणजे नपुंसकलिंगी एकवचनाचं पुल्लिंगी अनेकवचन. शके १८११ आणि १८१९ यांत तर शेजारच्या अक्षरांचाही आधार नाही. सगळे आकडे पानाशी ताडूनच घ्या.

टीएसव्ही स्वरूपात (टॅबने वेगळे केलेले रकाने) निकाल घेतला की प्रत्येक शब्दापुढे ० ते १०० असा विश्वासांक मिळतो. ९५ म्हणजे शंभरांत पंच्याण्णव वेळा बरोबर, असा त्याचा अर्थ नाही. नेटवर्क आपल्या निवडीवर किती ठाम होतं, इतकंच तो सांगतो. चुकीच्या ‘घन’लाही ९० च्या वर अंक मिळू शकतो. कमी अंकाचे शब्द आधी तपासा, पण बाकीचे सोडून देऊ नका.

महागड्या संगणकाने अचूकता वाढत नाही. फाइल तीच, चित्र तेच, तर निकालही तोच, फक्त लवकर. फरक पडतो तो स्कॅनने: ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), करड्या छटांत, पीएनजी किंवा टिफ. पातळ कागदामागे काळा कागद ठेवला की पाठची छपाई उमटत नाही. जोडपान मधोमध कापा, तिरकं पान सरळ करा, कडा छाटा. मराठीची शिकवलेली फाइल वेगवान संचाऐवजी ‘बेस्ट’ या अधिक अचूक संचातली घ्या. पानाची मांडणी कशी धरायची हे सांगणारा पर्याय म्हणजे पीएसएम; एकसलग मजकुराला पीएसएम ६ चांगला. दोन स्तंभांच्या पानाला तो दिलात तर डावी-उजवी ओळ एकात एक मिसळते, तिथे ३ ठेवा.

मोडी किंवा हस्तलिखितासाठी ही फाइल घेऊ नका. तिला शिकवली आहे ती छापील देवनागरी, आणि मोडीचं पान दिलं तरी ती त्यातून देवनागरी अक्षरांच्याच ओळी काढून देते.