वडोदरा: प्रबंधाची छपाई आणि बाइंडिंग, सयाजीगंज

साहित्य आणि विज्ञान दोन्हींत काम करणाऱ्यांच्या प्रबंधात ओवी आणि समीकरण एकाच पानावर येतात, आणि छपाईत नेमकं तिथंच बिघडतं. विद्यापीठाजवळच्या या दुकानात ते जीव लावून सांभाळतात.

वर्ड फाइल मात्र नेऊ नका. तुमचा फॉन्ट त्यांच्या संगणकावर नसला की दुसरा बसतो, ओळी सरकतात, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकतात. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच बसवलेली, पीडीएफच द्या आणि आधी एकच पान छापून घ्या. ‘दुसऱ्या’तला र, मराठी वळणाचे ल आणि श, मुळाच्या चिन्हाखालचे घातांक नीट बघा.

बाइंडिंग उत्तम! सुटी पानं कडेनं टोचून दोऱ्यानं शिवतात, त्यामुळे डावीकडे दीड इंच समास हवाच. एक इंचात ओळीची सुरुवात शिवणीत जाते. खळ वाळेपर्यंत प्रत रात्रभर दाबाखाली राहू द्या, घाईत उचलली तर पुठ्ठा वाकतो.

कण्यावरची सोनेरी अक्षरं तेवढी कच्ची. बारीक टाइपात रफार आणि अनुस्वार उठत नाहीत. तिथं आडनाव आणि वर्ष एवढंच, ठळक टाइपात घ्या.