पत्र्याचे पैसे घेतले, बसवलं फायबर

बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून आम्ही ती पुण्यात एका डेंटरकडे, म्हणजे बॉडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडे, दिली. पुढची दोन्ही मडगार्ड आणि दाराखालचे लांब पत्रे, गॅरेजमध्ये ज्यांना सिल म्हणतात, पार सडले होते. सगळं २० गेज जाडीच्या पत्र्यात नवीन करून द्यायचं ठरलं. ८५,००० रुपये मोजले. गाडी घरी आली तेव्हा बाबा कितीतरी वेळ बॉनेटवरून हात फिरवत होते.

चार महिन्यांनी टायर पंक्चर झाला. जॅक लावला, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच कर्रकन सिलमध्ये घुसला. ड्रायव्हरकडचं दार लागेना. दुसऱ्या मिस्त्रींनी ग्राइंडर लावला, पण ठिणगी उडाली नाही. उग्र वास आला आणि अंगाला खाज सुटेल अशी धूळ उडाली. सडका पत्रा न कापता त्यावरच फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूंची, मॅट चिकटवली होती, वर बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आणि गाडीच्या खालच्या बाजूला मारतात तो काळा अंडरकोट. मडगार्ड तर अख्खी फायबरची.

फायबर मुळात वाईट नाही. बंगळुरूच्या सिपानी डॉल्फिन या जुन्या गाडीची बॉडी फायबरचीच होती, पण तिच्याखाली भार पेलणारी वेगळी चॅसी, म्हणजे सांगाडा, होती. पद्मिनीला तशी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार पेलते आणि सिल हा त्यातला मुख्य आधार. मला सांगून, फायबरच्याच भावात मडगार्ड फायबरची बसवली असती तर मी हो म्हटलं असतं. सिलमध्ये मात्र हा जिवाशी खेळ आहे. त्यातून गंजावर चिकटवलेलं फायबर कडेनं सुटतं, आत पाणी साचतं आणि उरलासुरला पत्राही जातो.

म्हणून कळकळीनं सांगतो, गाडी ताब्यात घेताना चुंबक फडक्यात गुंडाळून सिलवरून टोकापर्यंत फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं फायबर किंवा जाड लांबी आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुना पत्रा कापल्यावर आणि नवा वेल्ड झाल्यावर, प्रायमर मारायच्या आधी, स्वतः जाऊन बघा, फोटो काढा. कुठल्या भागाला कुठला माल, किती गेजचा, हे बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘बॉडी वर्क’ आहे. तेच दाखवून तो डेंटर म्हणतो, पत्र्याचं ठरलंच कुठं होतं?

आता डावी सिल कापून झाली आहे. उजवी शनिवारी कापणार, तेव्हा मी तिथेच उभा असेन.