दहावीच्या गणितासाठी झूम, मीट की व्हॉट्सॲप?

दहावीच्या गणिताची शिकवणी ऑनलाइन घ्यायची तर झूम बरे, गूगल मीट बरे की व्हॉट्सॲपवरच भागवावे, असे माझ्या ओळखीचे शिक्षक विचारतात. सोलापूरच्या पूर्व भागात मी 2020 च्या टाळेबंदीपासून ही तिन्ही साधने वापरत आले आहे. साधनातील सोयी मोजण्याआधी विद्यार्थ्याच्या घरातला फोन कोणाकडे आणि किती वाजेपर्यंत असतो हे पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. यंत्रमाग कारखान्यात दिवसपाळीला जाताना वडील फोन सोबत नेत असतील, तर त्या घरातील मुलाला दुपारचा थेट वर्ग कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही.

थेट वर्ग शक्य असेल तेथे भूमितीसाठी मी झूम निवडते. मोफत खात्यावर 40 मिनिटांनी वर्ग बंद पडतो ही अडचण खरी आहे; पण मी दाखवलेल्या आकृतीवर विद्यार्थ्याला स्वतःच्या बोटाने रेघ ओढता येते, हा लाभ त्याहून मोठा आहे. स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते, हे एका मुलीने तोंडी अचूक सांगितले होते. बाहेरच्या बिंदूतून ती काढायला लावली तेव्हा मात्र तिची रेघ वर्तुळाला दोन ठिकाणी छेदून गेली. ती रेघ पाहिली नसती, तर तिचे कुठे अडते आहे ते मला कळलेच नसते.

मीटवर मोफत खात्यातही गटाला 60 मिनिटे मिळतात आणि बहुतेकांच्या फोनवर गूगलचे खाते आधीच असते, त्यामुळे बीजगणिताच्या उजळणीला ते सोयीचे पडते. मात्र मोफत मीटवर रेकॉर्डिंग होत नाही, तर झूमवर ते संगणकावर करून ठेवता येते. दोन्हींत 100 जण बसतात, म्हणजे संख्येचा प्रश्न शिकवणीपुरता उरत नाही.

व्हॉट्सॲपला अनेक जण कमी लेखतात, ते मला पटत नाही. विद्यार्थी सोडवलेल्या गणिताचा फोटो पाठवतो, मी चुकलेल्या पायरीभोवती लाल खूण करते आणि दीड मिनिटाचा आवाजी संदेश जोडते. वडील रात्री घरी आल्यावर तो संदेश मुलाला तीनदा ऐकता येतो. घरी तेलुगू बोलणाऱ्या माझ्या काही विद्यार्थ्यांना मराठीतील शाब्दिक उदाहरणे असे पुन्हा ऐकूनच उमगली. पेन्सिलीने लिहिलेले पान साध्या फोटोत पुसट दिसते, म्हणून एचडी पर्याय निवडायला आवर्जून सांगावे. मात्र रोज वीस वह्या अशा तपासायच्या तर शिक्षकाची रात्र त्यातच जाते, हेही आधी जाणून घ्यावे.

आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्या कल्पनेचे मोल मला या कामात नीट कळले, कारण फोन हाती येईल त्या वेळी धडा उघडता येतो.

म्हणून झूमसाठी पैसे भरण्याआधी पालकसभेत प्रत्येक घराला फोनची वेळ विचारावी आणि एकाच फोनवर किती भावंडे शिकतात तेही लिहून घ्यावे. निम्म्याहून अधिक घरांत तो रात्रीच मोकळा होत असेल, तर आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, झूमवर भूमिती घ्यावी आणि बाकीचे सहा दिवस व्हॉट्सॲपवर काम चालवावे.