स्टील चमकवायचंय: व्हिनेगर, सोडा, टूथपेस्ट की खोबरेल तेल?

दिवाळीची साफसफाई जवळ आली की सिंक, फ्रीज, डबे कशाने चमकवायचे हा प्रश्न घरोघरी येतोच. माझं मत आधीच सांगते, डाग कसला आहे ते बघा आणि मग काय वापरायचं ते ठरवा, कारण डाग काढणं वेगळं आणि चमक आणणं वेगळं.

पांढरे डाग असतील तर सरळ व्हिनेगर. मुंबईत तानसा-भातसा धरणांचं पाणी येतं तिथे हा त्रास कमी, पण सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर नळाच्या बुडाशी क्षारांचा थर धरतोच आणि तो आंबट गोष्टीत विरघळतो. टिश्यू व्हिनेगरमध्ये भिजवून त्यावर दहा मिनिटं ठेवा, मग पुसून साध्या पाण्याने धुवा. पातेलं जास्त तापून आतून निळं-जांभळं दिसायला लागतं ना, तेही याच्यानेच जातं. लिंबूही चालतं, पण महाग असतं तेव्हा जीव होत नाही. फोडीवर मीठ घेऊन घासत असाल तर ते मात्र बंद करा, स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा जो पातळ थर वर तयार होतो तोच गंज येऊ देत नाही, मीठ तसंच राहिलं तर तो थर फुटून बारीक खड्डे पडतात आणि ते मग कशानेच भरत नाहीत.

करपलेलं दूध, ओट्यामागचा तेलकट चिकटा, याला खायचा सोडा. करपलेल्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळा, गार झालं की काळा पापुद्रा लाकडी उलथन्याने निघतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतू नका, फेस भरपूर येतो पण दोघं एकमेकांचा जोर मारतात, काम अर्धवटच राहतं.

टूथपेस्ट मला फारशी पटत नाही. तिच्यात बारीक कण असतात, त्यामुळे सिंकवरचे हलके ओरखडे थोडे दबतात, पण आरशासारख्या ताटावर घासली तर ताट धुरकट होतं.

खोबरेल तेल फक्त चमकेसाठी. फ्रीजच्या दारावर बोटांचे ठसे उठतात तिथे कोरड्या मऊ फडक्यावर दोनच थेंब घ्या आणि स्टीलवरच्या बारीक रेघांच्या दिशेनेच पुसा, आडवं पुसलं की पट्टे दिसतात. आधी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या नाहीतर मळावरच तेल बसतं. सिंकला मैदा चोळतात, तोही छान चालतो, पण सिंक एकदम कोरडं हवं, नाहीतर जाळीत लगदा अडकतो.

तारेच्या घासणीचे लोखंडी कण मागे राहतात आणि तेच गंजतात, म्हणून चमकत्या भागावर ती नकोच. ब्लीचही नको, आणि व्हिनेगरसोबत तर अजिबातच नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

वरळी, वर्सोव्याला समुद्रासमोर राहत असाल तर बाल्कनीच्या रेलिंगवर खाऱ्या वाऱ्याने तांबूस डाग येतातच, तिथे आठवड्याला साबणाचं पाणी आणि लगेच कोरडं फडकं, डाग धरलाच तर सोड्याची पेस्ट. तेल लावू नका, धूळ चिकटून बसते.