पॅकेजवरच्या सहीची चाचणी: आरपीएम, ॲप्ट की सिगस्टोअर?

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ किंवा ९ वर सही असलेलं पॅकेज ‘आरपीएम डॅश के’ला, म्हणजे सही तपासणाऱ्या कमांडला दिलं, की ते छापतं ‘डायजेस्ट्स सिग्नेचर्स ओके’. सहीच नसलेलं पॅकेज दिलं, की छापतं ‘डायजेस्ट्स ओके’. मधला एक शब्द गळतो. एग्झिट कोड, म्हणजे कमांड यशस्वी झाली का हे सांगणारा आकडा, दोन्ही वेळा शून्यच: ‘सगळं ठीक’.

आमची चाचणी फक्त एग्झिट कोड बघत होती. बिल्डचं मशीन बदललं तेव्हा सही करण्याची पायरी सुटली आणि पुढचे जवळपास चार महिने आमच्याकडून बिनसहीची पॅकेजेस बाहेर जात राहिली. बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारी पाइपलाइन रोज हिरवी. बहुतेक ग्राहक फाइल उतरवून हातानेच आरपीएम चालवत होते आणि तिथे सहीची सक्ती नसते, म्हणून कोणाला अडलं नाही. शेवटी पॅकेज स्वतः उतरवून बसवणारं डीएनएफ वापरणाऱ्या, त्यात जीपीजीचेक ही सहीची तपासणी चालू असलेल्या एका ग्राहकाचं इन्स्टॉलेशन थांबलं आणि त्याचा फोन आला. त्यानंतर सहीची कुठली पद्धत घेऊ असं कोणी विचारलं, की मी आधी एकच विचारते: खोट्या सहीला नकार मिळतो, हे तुम्ही रोज आपोआप तपासू शकाल का?

हा आढावा त्याच प्रश्नावर बेतलेला आहे. आपलं सॉफ्टवेअर स्वतः पॅक करून लिनक्सच्या ग्राहकांना देणारी छोटी टीम माझ्या डोळ्यांसमोर आहे. रेड हॅटच्या घराण्याचं आरपीएम, डेबियन-उबुंटूचं ॲप्ट आणि किल्ली न जपता सही करू देणारं सिगस्टोअर, या तिन्ही पद्धतींचं गणित भक्कम आहे, निवड त्यावर अडत नाही. अडते ती चाचणी उभी करायला किती खटाटोप लागतो यावर.

आरपीएम: सही पॅकेजच्या पोटात

इथे प्रत्येक पॅकेज आपली सही सोबत घेऊन फिरतं. रेपोतून (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यातून) या, मेलमधून या, पेन ड्राइव्हवरून या, सही तिथेच. त्यामुळे चाचणी सगळ्यात सुटसुटीत होते: एक स्वच्छ कंटेनर (बाकीच्यांपासून वेगळं ठेवलेलं छोटं लिनक्स), त्यात सही तपासायची आपली एकच पब्लिक किल्ली इंपोर्ट केलेली, एक फाइल आणि एक कमांड. सर्व्हर लागत नाही, नेटवर्क लागत नाही.

वर सांगितलेला सापळा टाळायला पीकेजी-व्हेरिफाय-लेव्हल या मॅक्रोची, म्हणजे आरपीएमच्या सेटिंगची किंमत ‘ऑल’ करून आरपीएम-कीजची चेकसिग तपासणी चालवायची. मग सही नसणं हीच चूक ठरते आणि एग्झिट कोड शून्य येत नाही. डीएनएफ आतून असंच करतं. आरपीएमच्या ६.० आवृत्तीत मूळ प्रकल्पाने सहीची सक्ती हाच डिफॉल्ट केला आहे. पण रेड हॅट ८, ९ आणि १० या तिन्हींवर चौथीच मालिका आहे, म्हणजे तुमच्या ग्राहकांकडे अजून बरीच वर्षं जुनी वागणूक राहणार. मॅक्रो स्वतः लिहा, डिफॉल्टवर विसंबू नका.

दुसरी अडचण काळाची. शा-१ या हॅशची (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाची) टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या फाइल्सचा एकच ठसा, गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवली. मे २०२२ मध्ये आलेल्या रेड हॅट ९ ने शा-१ वरच्या सह्या डिफॉल्टमध्येच नाकारल्या. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या ३८ व्या आवृत्तीपासून आरपीएममध्ये सह्या वाचायचं काम सिकोया या लायब्ररीकडे गेलं आणि तीही जुन्या, कमकुवत सह्यांना थारा देत नाही. म्हणजे तीच फाइल, तीच किल्ली, तीच सही, आणि एका मशीनवर पास तर दुसऱ्यावर नापास. आपण ज्या ज्या वितरणाला सपोर्ट देतो म्हणून वेबसाइटवर छापलं आहे, त्या प्रत्येकाचा कंटेनर चाचणीत हवा. यात काटकसर करू नका.

आरपीएमच्या सहीला एक गोष्ट मात्र जमत नाही. दोन वर्षांपूर्वीचं, सुरक्षेचं भोक असलेलं पॅकेज कोणी आज पुढे केलं तरी त्यावरची सही खरीच असते. पॅकेज शिळं आहे हे त्या सहीतून कळत नाही.

ॲप्ट: सही यादीवर

डेबियनच्या जगात साधारणपणे डेब फाइलवर, म्हणजे पॅकेजवर सही नसतेच. सही असते इनरिलीज या फाइलवर. तिच्यात पॅकेजेस या यादीचा शा-२५६ हॅश असतो आणि त्या यादीत प्रत्येक डेब फाइलचा. साखळीची पहिली कडी सहीने बांधलेली, पुढच्या सगळ्या हॅशने.

शिवकालीन पत्रांवर वरती मुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली मर्यादेची मुद्रा, ‘मर्यादेयं विराजते’. तिच्याखाली कोणी ओळ वाढवली तर ती पत्राची नाही, हे वाचणाऱ्याला लगेच दिसे. इनरिलीजमध्येही सही केलेला मजकूर दोन खुणांच्या मध्ये असतो आणि खुणांबाहेरचं काहीही मानायचं नसतं. बोलायला सोपं आहे, पण ॲप्टला हे दोनदा महागात पडलं आहे. इनरिलीज हाताळण्यातली एक गंभीर चूक २०१३ मध्ये दुरुस्त करावी लागली. मग डिसेंबर २०१६ मध्ये यान हॉर्न यांनी शोधलेली दुसरी चूक समोर आली: फाइलचे तुकडे करताना मेमरी अपुरी पडली, तर ती चूक नीट वर पोचत नव्हती आणि सहीची तपासणी चुकवता येत होती. आज ॲप्टच्या स्वतःच्या सोर्समध्ये रिलीज फाइलच्या सहीसाठी वेगळ्या इंटिग्रेशन चाचण्या आहेत. स्वतःच्या चाचण्या लिहिण्याआधी त्या वाचा. कुठली कुठली खोड काढून बघायची याची चांगली कल्पना येते.

तुमच्या बाजूने खटाटोप जास्त आहे. चाचणीसाठी अख्खी रेपो उभी करावी लागते: याद्या तयार करा, सही करा, पाइपलाइनच्या आत छोटा वेब सर्व्हर लावा, दुसऱ्या कंटेनरमधून ‘ॲप्ट अपडेट’ चालवा. आणि इथेही ‘डायजेस्ट्स ओके’चं भावंड बसलेलं आहे. मशीनवर आधीच्या चांगल्या याद्या असतील आणि नवी सही खोटी निघाली, तर ॲप्ट इशारा छापतं, जुन्या याद्या वापरते म्हणून सांगतं, आणि एग्झिट कोड शून्य देतं! ग्राहकाच्या दृष्टीने हे समंजस वागणं आहे, चाचणीच्या दृष्टीने नाही. म्हणून दर वेळी याद्या पुसलेला कंटेनर घ्या आणि अपडेटला ‘एरर-ऑन’ची किंमत ‘एनी’ द्या.

बदल्यात आरपीएमला न जमणारी गोष्ट मिळते. रिलीज फाइलमध्ये ‘व्हॅलिड-अंटिल’ ही तारीख घालता येते. ती उलटली की शिळी यादी नाकारली जाते. कालची तारीख घातलेली यादी मुद्दाम बनवून नकार येतो का ते बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या वारंवार काढणाऱ्या टीमसाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

डेबियन १३ वर सही तपासायला जुन्या जीपीजीव्ही या प्रोग्रामऐवजी सिकोयाचं एसक्यूव्ही येतं. त्याच्या धोरणात शा-१ च्या सह्या नाकारायला लागायची तारीख १ फेब्रुवारी २०२६ ही आहे. किल्ली फार पूर्वी बनवली असेल तर तिच्या आतली स्वतःवरची सही शा-१ ची असू शकते. नव्या मजकुरावर नव्या हॅशने सही केली तरी ती किल्ली मग नापास होते. ज्यांची रेपो दहा-बारा वर्षं जुनी आहे त्यांनी हे आजच तपासावं.

सिगस्टोअर: जपायला किल्लीच नाही

सिगस्टोअर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली मार्च २०२१ मध्ये जाहीर झालं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तुम्ही आपली ओळख लॉगिनने सिद्ध करता, त्यातली फुल्सिओ ही सेवा दहा मिनिटांचं प्रमाणपत्र देते, सही होते, आणि तिची नोंद रेकॉर या सार्वजनिक वहीत चढते. किल्ली चोरीला जाण्याची भीती नाही, कारण ती राहतच नाही. कंटेनर चालवणाऱ्या कुबर्नेटीसच्या रिलीजवर १.२४ पासून या सह्या आहेत, पायथनने ३.१४ पासून जीपीजीच्या सह्या बंद करून हीच एक वाट ठेवली.

चाचणीत सगळा भर ओळखीवर द्यायचा. ‘सही खरी आहे का’ याचं उत्तर इथे जवळजवळ कायम ‘हो’ येणार, कारण लॉगिन असलेला जगातला कोणीही खरी सही करू शकतो. ‘कोणाची’ हाच प्रश्न. सिगस्टोअरच्या कोसाइन या कमांडने २.० आवृत्तीपासून ओळख आणि ती देणारी सेवा या दोन्ही गोष्टी सांगणं सक्तीचं केलं. तरी घाईत रेग्युलर एक्स्प्रेशनच्या जागी ‘डॉट स्टार’ (म्हणजे काहीही चालेल) टाकून पुढे गेलेल्या स्क्रिप्ट्स मी पाहिल्या आहेत. त्यावर एकच उपाय: दुसऱ्या प्रोजेक्टच्या वर्कफ्लोमधून तीच फाइल सही करून आणा आणि ती नाकारली जाते का बघा.

दोन अडचणी आहेत. रेकॉरच्या वहीतून नोंद पुसता येत नाही. हाताने सही करून बघितलीत तर तुमचा ईमेल पत्ता त्यात कायमचा राहतो. रोजच्या चाचण्या स्टेजिंग, म्हणजे सरावाच्या सेवेवरच चालवा. आणि ॲप्ट किंवा डीएनएफ या सह्या आपण होऊन बघत नाहीत. ग्राहकाला वेगळी कमांड चालवावी लागेल, आणि अनुभव असा, की बहुतेक जण ती चालवत नाहीत.

मिनिसाइन या सही करायच्या छोट्या प्रोग्रामबद्दल दोन ओळी. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने मे २०१४ मध्ये ५.५ आवृत्तीबरोबर साइनिफाय हे सहीचं साधन आणलं, मिनिसाइन त्याच घराण्यातलं. एकच बायनरी देत असाल तर ते पुरेसं आहे, चाचणीही दहा ओळींत होते.

पद्धत कुठलीही घ्या, नकाराच्या चाचण्या याच

पाइपलाइनमध्येच तात्पुरती किल्ली बनवा, खरी किल्ली चाचणीच्या आसपासही आणू नका. मग एका चांगल्या पॅकेजच्या बिघडलेल्या प्रती बनवा: बिनसहीची, परक्या किल्लीची, मुदत संपलेल्या किल्लीची, रद्द केलेल्या किल्लीची, आणि एक बाइट बदललेली. शेवटच्या तीन क्षुल्लक समजू नका. रद्द झालेल्या आणि मुदत संपलेल्या किल्ल्यांकडे आरपीएम लक्षच देत नव्हतं, हे २०२१ मध्ये उघड झालं. आणि बाइट कुठला बदलता यालाही अर्थ आहे. हेडरमधला (पॅकेजच्या माहितीतला), पेलोडमधला (आतल्या फाइल्समधला) आणि खुद्द सहीतला, असे तीन वेगळे बिघाड करून बघा.

नकार योग्य कारणाने आला का, हेही तपासा. चाचणीचा वेब सर्व्हरच उठला नाही तर नकाराच्या सगळ्या चाचण्या आनंदाने पास होतात. म्हणून दर वेळी चांगलं पॅकेज आधी स्वीकारलं गेलं पाहिजे, आणि नापास प्रतीच्या संदेशात सहीचाच उल्लेख असला पाहिजे. शिवाय एक चाचणी अशी ठेवा, की खरी किल्ली संपायला साठ दिवस उरले की ती लाल होईल.

मग घ्यायचं काय?

ग्राहक रेड हॅटच्या घराण्यातले असतील तर आरपीएमची सही, मॅक्रोसकट. डेबियन किंवा उबुंटूचे असतील आणि रेपोतून घेत असतील तर ॲप्ट. खटाटोप आहे, पण शिळ्या यादीपासून संरक्षण मिळतं. कंटेनर इमेज किंवा थेट उतरवायच्या फाइल्स असतील तर सिगस्टोअर. यात कशालाही बिल्डच बाधित झाल्याचं कळत नाही: २०२० मध्ये हल्लेखोर बिल्डमध्येच शिरलेल्या सोलरविंड्स या कंपनीच्या अपडेटवरची सही खरीच होती.

अवघड प्रसंग एकच उरतो: एमआयडीसीतल्या कारखान्याचं बंद नेटवर्क, उबुंटूची मशीन्स, आणि पेन ड्राइव्हवरून जाणारी डेब फाइल. ॲप्टची साखळी तिथे पोचत नाही, कारण डेब फाइल थेट बसवणारं डीपीकेजी सही बघतच नाही. तिथे आम्ही फाइलसोबत वेगळी सही देतो आणि ती जीपीजीव्हीने, आमची एकच किल्ली असलेल्या कीरिंगवर (किल्ल्यांच्या जुडग्यावर) तपासायला सांगतो. साधं जीपीजी वापरलं, तर त्या मशीनच्या कीरिंगमध्ये पडलेल्या कुठल्याही किल्लीची सही ‘गुड सिग्नेचर’ ठरते. खाली इशारा येतो, पण एग्झिट कोड शून्यच.